निगा न लागणारी झाडं

आबा फाटक उघडून रस्त्यावर गेले तेव्हा शिवणकाकू अंगणातच होत्या, त्यांच्यापासून फार तर चार हातांवर. गुलाबाच्या वाफ्यात बसून तण उपटत होत्या. पाठ फाटकाकडे होती आणि त्यांचा नवरा त्या पाठीमागून चालत निघून गेला. कडी वाजलेली त्यांनी ऐकलीसुद्धा. वाटलं, पेपरवाला असेल.

अर्ध्या तासाने चपलांच्या दुकानाचा मालक आबांना हाताला धरून घेऊन आला.

"काकू, हे माझ्या मीटरसमोर उभे होते. आकडे उतरवून घेत होते. मी म्हटलं, आबा, आता मीटर आपोआप वाचलं जातं. तर म्हणाले, असं कसं, मग सही कोण करणार?"

दुकानदार हसला. काकूही हसल्या. तो वळला मात्र आणि त्या पायरीवरच बसल्या. ते दुकान मोठ्या रस्त्याच्या पलीकडे होतं.

आबांनी एकतीस वर्षं घरोघर हिंडून विजेची मीटरं वाचली होती. निवृत्त झाल्यावर काही वर्षं बरी गेली, मग त्यांची आठवण हळूहळू उसवायला लागली. आधी नावं गेली, मग वार, मग जेवलो की नाही तेही. पण माणूस तसाच गोड राहिला. दारोदार फिरताना लोकांनी पाणी, सरबत, चहा जे पुढे केलं ते त्यांनी कधी नाकारलं नव्हतं. नको म्हटलं की देणाऱ्याचं तोंड पडतं, असं ते म्हणायचे. ते वाक्य आता विसरले होते, सवय तेवढी राहिली होती. हातात कप दिला की ते दोन्ही हातांनी धरायचे, "वा, छान" म्हणायचे आणि शेवटच्या थेंबापर्यंत प्यायचे.

काकू घरीच शिवण घ्यायच्या, म्हणून गल्लीत सगळे त्यांना शिवणकाकू म्हणत. मशीन आतल्या खोलीत, खिडकीजवळ. एक डोळा सुईवर आणि एक आबांवर, असं दोन वर्षं चाललं होतं. त्यात अंगणासाठी डोळा कुठून आणायचा? गुलाबांना कीड, हिरवळीला रोज पाणी, कुंपणाच्या मेंदीला दर पंधरा दिवसांनी कात्री. त्या दिवशी पायरीवर बसल्या बसल्याच त्यांनी ठरवलं, हे सगळं काढून टाकायचं.

नर्सरीवाला दुसऱ्या दिवशी आला. पन्नाशीचा, कमी बोलणारा, नखांत कायम माती. अंगणाला एक फेरी मारून त्याने विचारलं, "काय हवंय तुम्हाला काकू?"

"जी झाडं मला हाका मारणार नाहीत ती द्या," काकू म्हणाल्या. "पाणी विसरले तरी रुसू नयेत. छाटणी नको, फवारणी नको. आणि कुंपणाला असं दाट काहीतरी, की ह्यांना फाटकाशिवाय दुसरी वाट दिसू नये. फाटकाला मी कुलूप लावणार आहे."

नर्सरीवाल्याने मान डोलावली. हिरवळीच्या जागी खडी टाकू म्हणाला, पायरीच्या दोन्ही बाजूंना कोरफड, कोपऱ्यात बोगनवेल. कुंपणाला मात्र एकच उत्तर होतं त्याच्याकडे.

"कण्हेर. ठेंगणी जात आहे, खांद्याच्या वर जात नाही. गुलाबी फुलं, वर्षभर. ऊन, धूळ, कोरडी माती, काही बोलत नाही ती. बकरीसुद्धा तोंड लावत नाही."

"विषारी ना ती?"

"विषारी तर आहेच. पान, फूल, चीक, सगळंच. घरात लहान मूल आहे? कुत्रं, मांजर?"

"कुणी नाही हो," काकू म्हणाल्या. "आम्ही दोघं म्हातारे. कोण खातंय पानं?"

"मग हरकत नाही."

त्याने विचारलं होतं आणि काकूंनी खरं तेच सांगितलं होतं. पुढे कितीतरी दिवस त्या हे बोलणं मनात पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणून बघायच्या, कुठे चुकलं ते शोधायला.

पाचव्या महिन्यात कुंपण छान भरलं. त्याच सुमाराला मुलाची बदली झाली. तिकडे जागेचा पत्ता नव्हता, म्हणून सूनबाई आणि चार वर्षांची नात इकडे राहायला आल्या. सूनबाई दातांच्या डॉक्टरांकडे मदतनीस होती, सकाळी साडेआठला निघायची. नातीला सगळे भिंगरी म्हणत, कारण ती एका जागी ठरत नसे. आबांना तिचं नाव आठवायचं नाही, पण ती आली की त्यांचा चेहरा उजळायचा. दोघं पायरीवर बसून तासन्‌तास खेळायची. काकूंना वाटलं, चला, आबांना सोबत झाली आणि पोरीलाही. त्या पहिल्यांदाच मशीनवर दोन्ही डोळे ठेवून बसायला लागल्या.

घरात लहान मूल आहे का, हा प्रश्न कुणाला पुन्हा आठवला नाही.

तो मंगळवार होता. काकू पडद्यांची एक मोठी ऑर्डर संपवत होत्या. लांबच लांब शिवण, मशीनचा एकसारखा आवाज. साडेअकराच्या सुमाराला दोरा तुटला, मशीन थांबलं, आणि बाहेर अगदी शांत आहे हे त्यांच्या लक्षात आलं. मघाशी भिंगरीची बडबड चालू होती. मधे ती एकदा स्वयंपाकघरात येऊन गेल्याचंही कानावर आलं होतं, डब्याचं झाकण वाजलं होतं.

त्या बाहेर आल्या.

आबा खुर्चीत डोळे मिटून बसले होते. पायरीवर भिंगरीने भातुकली मांडली होती, प्लॅस्टिकची किटली, चार कप, उन्हात ठेवलेलं एक स्टीलचं पातेलं. पातेल्यात पाणी होतं आणि पाण्यात हिरवं काहीतरी. लांब, अरुंद पानं. तुकडे तुकडे केलेली, दगडाने चेचलेली. वर गुलाबी पाकळ्या तरंगत होत्या. भिंगरीच्या हनुवटीला एक पाकळी चिकटली होती आणि ओठ ओले होते.

काकू ओरडल्या. काय ओरडल्या ते त्यांना नंतर आठवलं नाही. पुढे झाल्या आणि पोरीच्या हातावर एक फटका मारला, तसा तिच्या हातातला कप उडून खडीवर पडला. मग खांदे धरून तिला गदागदा हलवलं.

"खाल्लंस? बोल! तोंडात घातलंस? किती खाल्लंस?"

भिंगरीला घरात कधी कुणी हात लावला नव्हता. ती आधी नुसती बघत राहिली. मग तिने ओठ असे घट्ट मिटले की पांढरे पडले.

"आ कर. आ कर बघू!"

पोर तोंड उघडेना.

शेजारच्या घरात पुढच्या खोलीत झेरॉक्सचं दुकान होतं. दुकानाची मालकीण आरडाओरडा ऐकून, तिच्याकडे ठेवलेल्या किल्लीने फाटक उघडून धावत आली. पातेल्यात डोकावली आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं.

"अगं बाई, कण्हेर! काकू, बसू नका, आत्ताच्या आत्ता घेऊन जा तिला. मी थांबते आबांजवळ. जा तुम्ही!"

काकूंनी एक फांदी ओरबाडून पिशवीत टाकली, डॉक्टरांना दाखवायला. एवढं मात्र त्यांना सुचलं. पोरीला उचलून त्या चपला न घालताच कोपऱ्यापर्यंत पळाल्या आणि मिळाली त्या रिक्षात बसल्या.

रिक्षात त्या तिच्या छातीवर हात ठेवून बसल्या होत्या. ठोके इतक्या जोरात लागत होते की पोरीचे कुठले आणि आपले कुठले ते कळेना. भिंगरीच्या अंगाला साबणाचा वास येत होता. सकाळी त्यांनीच तिला आंघोळ घातली होती. "पोटात दुखतंय का ग?" त्या पुन्हा पुन्हा विचारत होत्या. "गरगरतंय? माझ्याकडे बघ. झोपू नकोस हं. रागावणार नाही मी, सांग फक्त." भिंगरी बाहेर बघत राहिली. रागावणार नाही म्हणणाऱ्या आजीनेच मघाशी मारलं होतं.

तातडीच्या विभागात एक तरुण डॉक्टरीणबाई होती. तिने फांदी पाहिली, आणि तिच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. ते जाताना काकूंनी पाहिलं.

"किती वेळ झाला?"

"माहीत नाही."

"किती पानं?"

"माहीत नाही हो. ती बोलतच नाहीये."

भिंगरीच्या छातीला तारा चिकटवल्या. मशीनमधून कागदाची पट्टी निघायला लागली. पोर आता रडायला लागली होती, पण आवाज न करता, नुसतं पाणी गालांवरून. डॉक्टरीणबाईने पट्टी वाचली, पुन्हा वाचली.

"आत्ता तरी ठीक दिसतंय," ती म्हणाली. "पण या विषाचं काही सांगता येत नाही. दोन-चार तासांनीही असर दिसतो. लक्ष ठेवावं लागेल."

काकू पलंगाची कड धरून उभ्या राहिल्या. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा हलतच नव्हता. त्या पोरीच्या ओठांकडे बघत होत्या, निळे पडतायत का. नखांकडे बघत होत्या. तिने जांभई दिली तर त्यांनी डॉक्टरीणबाईला हाक मारली.

झेरॉक्सवालीने फोन करून कळवल्यावर पाऊण वाजता सूनबाई आली. अंगावर कामावरचा हिरवा कोट तसाच होता. आधी तिने मुलीला जवळ घेतलं, मग डॉक्टरीणबाईशी बोलली आणि मग काकूंकडे वळली.

"ते कुंपण विषारी आहे हे तुम्हाला माहीत होतं?"

"हो," काकू म्हणाल्या.

सूनबाई पाठ फिरवून पलंगावर बसली. ओरडली असती तर बरं झालं असतं असं काकूंना वाटलं. तिने मुलीचे केस मागे सारले. तिच्या कामावर घाबरलेली मुलं रोज यायची. तोंड न उघडणारी मुलं तिला नवीन नव्हती. तिने खिशातून कागदी पेला काढला आणि भिंगरीच्या हातात दिला.

"मला पण चहा दे ना. मला कामावर आज कुणी विचारलंच नाही."

भिंगरीने पेल्याकडे पाहिलं.

"इथे पाणी नाही," ती पुटपुटली. तासाभरातला तिचा हा पहिला शब्द होता.

"खोटा खोटा दे. कसा केलास सकाळी? सांग, मलाही शिकायचाय."

"पानं चेचायची. उन्हात ठेवायचा. उकळला की गाळायचा."

"आणि मग प्यायचा?"

भिंगरीने मान जोरात हलवली. "मी नाही प्यायले. मी चहावाली होते. चहावाली पीत नाही."

सूनबाईने डोळे मिटले. तिचे खांदे खाली आले. काकूंच्या तोंडून हुंदका फुटला आणि त्यांनी पदराने तो दाबला.

"ओठ कशाने ओले झाले मग, बाळा?"

"मी नुसतं पाणी प्यायले. माझ्या बाटलीतलं." मग भिंगरी जरा मोकळी झाली, कारण आई रागावली नव्हती. "चहा आबा प्यायले. म्हणाले, वा, छान. मग म्हणाले, कडू आहे. म्हणून मी डब्यातली साखर घातली. मग सगळा प्यायले."

त्या जागेत कितीतरी आवाज चालले होते, चाकांचे, बुटांचे, कुणाच्या तरी खोकल्याचे. काकूंना एकही ऐकू येईना.

"सगळा म्हणजे किती?" सूनबाईचा आवाज बदलला नव्हता. तिने तो कसा सांभाळला ते तिचं तिलाच ठाऊक.

भिंगरीने बोटं मोजली. चार दाखवली. मग विचार करून पाचवंही उघडलं.

काकूंनी घरचा नंबर लावला. रिंग वाजत राहिली. पुन्हा लावला. झेरॉक्सवालीचा नंबर शोधताना फोन दोनदा हातातून निसटला. शेवटी सूनबाईने तो घेतला आणि स्वतः लावला.

"हां, बोला ना. पोर कशी आहे?" झेरॉक्सवाली म्हणाली. "इकडे सगळं ठीक आहे. आबांना एकदा उलटी झाली, म्हटलं, तुम्हाला असं धावत जाताना पाहून घाबरले असतील. आता झोपलेत. फोन वाजला तरी उठले नाहीत, इतकी गाढ झोप लागलीय."

"त्यांना उठवा!" काकू फोनवर ओरडल्या. "उठवा, झोपू देऊ नका! त्यांनीच प्यायलंय ते, पोरीने नाही, त्यांनी!"

पलीकडे फोन कुठेतरी आपटला. मग दुरून झेरॉक्सवालीच्या हाका ऐकू येऊ लागल्या. "आबा! अहो आबा!" एक, दोन, तीन. काकू मोजत होत्या. सातव्या हाकेला आबांचा आवाज आला, अगदी बारीक. काय म्हणाले ते कळलं नाही, पण आवाज त्यांचाच होता.

दुकानात झेरॉक्स काढायला आलेल्या एका गिऱ्हाइकाकडे गाडी होती. त्याने आणि झेरॉक्सवालीने आबांना दोन्ही बाजूंनी धरून तीत बसवलं. वीस मिनिटं लागली त्यांना पोहोचायला. ती वीस मिनिटं काकू दवाखान्याच्या फाटकात अनवाणी उभ्या होत्या. येणारी प्रत्येक गाडी तीच वाटायची आणि पुढे निघून जायची. त्यांनी कधीच कुणाचं वाईट चिंतलं नव्हतं, पण त्या वेळी रस्त्यात आडव्या येणाऱ्या प्रत्येक माणसाचा त्यांना राग आला.

आबांना उतरवलं तेव्हा त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता आणि कपाळावर घाम. तरी स्ट्रेचर ढकलणाऱ्याला ते म्हणाले, "सावकाश हो, तुमची कंबर सांभाळा."

आत तारा लागल्या. पडद्यावर ठोक्यांचा हिरवा आकडा उमटला. छत्तीस. डॉक्टरीणबाईने कुणाला तरी जोरात हाक मारली. कुणी सलाईन लावलं, कुणी इंजेक्शन भरलं, कुणी विष शोषून घेणाऱ्या काळ्या भुकटीचं पाणी कपात घालून आबांच्या तोंडाशी नेलं. त्यांनी दोन्ही हातांनी कप धरला.

"वा, छान," ते म्हणाले.

काकूंना ते बघवेना, पण डोळेही मिटवेनात. चौतीस. एक्केचाळीस. पुन्हा छत्तीस. मधेच रेषा सरळ धावायची, आता पुढचा ठोका पडतच नाही असं वाटायचं, आणि मग तो पडायचा. आबांनी मान वळवून पडद्याकडे पाहिलं. त्यांचे डोळे क्षणभर अगदी पूर्वीसारखे झाले, कामावर असतानाचे.

"बत्तीस," ते म्हणाले. "रीडिंग फार कमी आलंय ग. लिहून ठेव."

खरोखरच बत्तीस होतं.

"काकू, बाहेर थांबा," डॉक्टरीणबाई म्हणाली. "हृदयाला बाहेरून ठोका देणारी तार आत सरकवावी लागेल, मानेच्या शिरेतून. इथे सही करा. या विषावरचं खास औषध आमच्याकडे नाही, दुसरीकडून मागवलंय. ते येईपर्यंत ही तार त्यांना सांभाळेल, असं धरून चालू."

"आणि नाही सांभाळलं तर?"

तिने पेन काकूंच्या हातात दिलं. कागद पुढे केला. आयुष्यभर सरळ टीप मारलेल्या हाताने काकूंनी सही केली ती ओळखू येणार नाही अशी झाली.

बाहेरच्या बाकावर त्या तिघी बसल्या. भिंगरीच्या छातीच्या तारा काढल्या होत्या, फक्त रक्त घेतलं होतं तिथे हाताला एक पट्टी होती. मोठ्यांनी तिला काहीच सांगितलं नव्हतं, पण तिला सगळं कळत होतं. ती आईच्या मांडीवरून उतरली आणि काकूंसमोर उभी राहिली.

"आजी, आबा मरणार का?"

सूनबाई चटकन पुढे झाली, पण काकूंनी हात केला.

"डॉक्टर बघतायत त्यांना. मला माहीत नाही, बाळा. मलाही भीती वाटतेय."

"मी साखर घातली म्हणून?"

"नाही." काकूंनी तिला जवळ ओढलं. ती आधी ताठ राहिली. "नीट ऐक. तू खेळात चहा दिलास. चहा देणं वाईट नसतं. ते झाड मी लावलं. मोठ्या माणसाने लावलं, मोठ्या माणसाने बघायला हवं होतं. आणि मी तुला मारलं, ते चुकलं माझं. मारलं नसतं, तर तू तेव्हाच सांगितलं असतंस ना?"

भिंगरीने मान डोलावली. मग तिचं अंग सैल पडलं आणि ती जी रडायला लागली ती थांबेना. काकूंच्या मनात एकच हिशेब चालू होता. अकरा चाळीस ते सव्वा एक. आबा खुर्चीत डोळे मिटून बसले होते आणि आपण त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. दोन वर्षांत त्यांच्यावरून नजर न हटवणारी बाई, नेमकी त्याच वेळी.

सूनबाई समोरच्या भिंतीकडे बघत होती. मग म्हणाली, "आई, मी मघाशी तुम्हाला विचारलं ना, माहीत होतं का म्हणून."

"विचारणारच ग तू."

"मला पण माहीत होतं. रोज सकाळी त्याच कुंपणाच्या कडेने जाते मी. एकदा फूल तोडून हिच्या केसांत खोवलंय. माझ्या हाताने." तिने ओठ चावला. "मला कुणी विचारलं नाही म्हणून मी वाचले."

काकूंनी तिचा हात धरला. तो बर्फासारखा होता. स्वतःचाही तसाच होता.

संध्याकाळी औषध आलं. रात्री मुलगा पोहोचला. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तो आकडा पन्नासच्या वर गेला आणि तिथेच टिकला. तिसऱ्या दिवशी तार काढली. डॉक्टरीणबाई म्हणाली, थोडा उशीर झाला असता तर, आणि वाक्य अर्धंच सोडून पुढच्या रोग्याकडे गेली.

आबा नवव्या दिवशी घरी आले. जीव वाचला, पण बरंच काही दवाखान्यातच राहिलं. आता त्यांना आधाराशिवाय उठता येत नव्हतं. फाटकाचं कुलूप काढून ठेवलं तरी चाललं असतं. भिंगरी समोर आली की ते अनोळखी मुलीकडे बघावं तसं हसायचे, आणि ती दोन पावलं मागे सरकायची. खेळातली भांडी तिने स्वतःच पलंगाखाली ढकलून दिली होती. आबांना पाणी द्यायला सांगितलं तरी ती हात पाठीमागे लपवायची.

नर्सरीवाल्याला कुणीतरी सांगितलं असावं. बोलावण्याची वाट न बघता तो आला, जाड हातमोजे घालून. मुळांसकट सगळी कण्हेर खणून काढली. पडलेलं एकेक पान वेचून पोत्यांत भरलं. जाळायचीही नसते म्हणाला, धूरही वाईट. काम झाल्यावर तो पायरीशी उभा राहिला.

"काकू, मी विचारलं होतं ना? मूल आहे का म्हणून?" त्याने हातमोजे काढले. "नऊ दिवस मी हेच आठवतोय, विचारलं होतं की नव्हतं."

"विचारलं होतं तुम्ही," काकू म्हणाल्या. "मीच नाही म्हटलं. तेव्हा नव्हतंच मूल."

त्याने रुमालाने तोंड पुसलं. मग काकूंनी विचारलं, "कोरफड?"

"चीक पोटात गेला तर जुलाब होतात."

"काढा. ती कोपऱ्यातली?"

"बोगनवेल? काटे आहेत. पोटात गेली तर फार काही नाही, पण..."

"काढा."

महिनाभर अंगणात नुसती खडी होती. मग नर्सरीवाला एक कागद घेऊन आला. झाडांची नावं, प्रत्येकापुढे त्याने लिहिलेलं, कोणता भाग, काय होतं. त्याने कृषी विद्यालयातल्या एका बाईंना विचारून आणलं होतं. काकूंनी तोच कागद डॉक्टरीणबाईला दाखवला, मग सूनबाईला वाचायला लावला, मग झेरॉक्सवालीकडून त्याच्या तीन प्रती काढून एक स्वयंपाकघरात लावली. बरीच नावं खोडली गेली. उरली जास्वंद, रोजमेरी आणि गवती चहा.

"हीसुद्धा फार निगा मागत नाहीत," नर्सरीवाला म्हणाला.

"मागू देत," काकू म्हणाल्या. "आता बघणारच आहे मी."

लावणी झाली त्या रविवारी भिंगरी दारातच उभी राहिली. उंबऱ्याच्या बाहेर पाऊल टाकेना. सूनबाईने तिला बरंच समजावलं. शेवटी ती एकटीच अंगणात गेली, वाकली, जास्वंदीचं एक कोवळं पान तोडलं.

"हे बघ, याने काही होत नाही," ती मुलीला म्हणाली आणि पान तोंडाकडे नेलं.

काकू वर ओसरीवर आबांच्या खुर्चीशेजारी होत्या. गुडघे धरलेले, चार पायऱ्या मधे. त्या कशा पोहोचल्या ते त्यांनाही कळलं नाही, पण त्यांनी सूनबाईचं मनगट गच्च पकडलं होतं.

"आई," सूनबाई हळूच म्हणाली. "पाच वेळा वाचलाय आपण तो कागद."

"माहीत आहे ग."

"मग सोडा."

काकूंना बोटं उघडायला वेळ लागला. सूनबाईने पान तोंडात घातलं, चावलं, गिळलं आणि भिंगरीला जीभ काढून दाखवली. भिंगरी हसली नाही, पण उंबरा ओलांडून बाहेर आली आणि आईच्या पोटावर कान ठेवून उभी राहिली.

काकू परत वर गेल्या. आबांच्या खांद्यावर हात ठेवून बसल्या आणि त्या दुपारी तासभर सूनबाईच्या चेहऱ्यावरून त्यांनी नजर हलवली नाही.